चाळीस पेट्यांचा चहा

क्याख्ता, चीनच्या सरहद्दीवर, फेब्रुवारी १८६८

प्रिय केशा,

तुझं पत्र पोचलं. उस्तिन्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचताना दोनदा डोळे पुसले. ही माझी बायको माझ्या आजारपणात एकदाही रडली नव्हती, हेही इथे लिहून ठेवतो.

आपण दोघं एकाच दिवशी प्रोखोर येमेल्यानोविच मालकांच्या वखारीत चहा चाखायला लागलो. अठरा वर्षं तुझ्या शेजारी उभं राहून मी तेच घोट घेतले. पण चिनी व्यापारी पेटी फोडली की आधी तुझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "ह्या चहाला ओल लागलीय." मालक म्हणायचे, "थांब रे साव्वा, केशाला विचारू." तू चाखून म्हणायचास, "साव्वा बरोबर बोलतोय." मग सगळे माना डोलवायचे, त्याही तुझ्याकडे बघून! तुझा चांगुलपणाच मला जास्त झोंबायचा.

दोन वर्षांपूर्वी मालकांच्या मॉस्कोतल्या दुकानासाठी तू चाळीस पेट्या निवडल्यास. त्या पसंत पडल्या तर तिथला मुख्य चाखणारा तूच होणार, हे गावभर झालं होतं. घरी उस्तिन्या म्हणाली, "केशाचं नाक देवानं दिलंय." मी विचारलं, "आणि माझं?" ती हसली. "तुझं सर्दीसाठी."

दुसऱ्या दिवशी सण होता, सगळे चर्चमध्ये. तू खरेदीसाठी सरहद्दीपलीकडे गेला होतास. गोबी ओलांडून उंटांवरून आलेल्या तुझ्या पेट्या पुढच्या प्रवासासाठी अजून कातड्यात शिवायच्या होत्या. मी त्या कातडी वाळवायच्या शेडमध्ये ओढत नेल्या, झाकणं सैल केली आणि खाली पाइनचं ओलं लाकूड धुमसत ठेवलं. शिवणाऱ्यांना सांगितलं, माल दमट आहे, वाळू दे. नऊ दिवसांनी समोर उभं राहून पेट्या शिवून घेतल्या. तू परतलास, बर्फावरच्या घसरगाड्यांबरोबर मॉस्कोला निघालास, तेव्हा मला मिठी मारलीस. मी मनात म्हणत होतो, जा, मॉस्कोत तोंड काळं होऊ दे तुझं.

आणि झालं काय? लोकांनी पेल्यावर पेले रिचवले. म्हणे, ह्या चहाला उंटांच्या तांड्याचा, वाळवंटातल्या शेकोट्यांचा वास आहे! तुला कोल्ह्याच्या कातड्याचा कोट मिळाला, जागा मिळाली. इथे मालकांनी मेजवानी दिली आणि तुझ्या नावानं पहिला पेला मलाच उचलायला लावला.

आता मालकही तिथेच राहायला गेलेत आणि तू लिहितोस, "त्या पेट्या संपल्या. तसा चहा परत सापडत नाही. मालक म्हणतात, ईस्टरपर्यंत तोच वास आण, नाहीतर बायकोमुलांसकट सामान बांध. साव्वा, तो कुठल्या व्यापाऱ्याचा माल होता, आठवतं का रे?"

खोटं कशाला बोलू, तीन दिवस मी शीळ घालत फिरलो. चौथ्या दिवशी वखारीत कुणीतरी म्हणालं, "केशाचं नाक गेलं म्हणे." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. तुझं नाक शाबूत आहे. तू जे शोधतोयस ते त्या पानांत कधी नव्हतंच.

म्हणून हे लिहितोय. ओलं पाइन, झाकण दोन बोटं उघडं, जाळ होऊ द्यायचा नाही. तुझी जागा वाचेल. पण केशा, हे पत्र मालकांना दाखव. ते मला हाकलतील, हाकलू देत. उस्तिन्यालाही कळू दे. फक्त एकदा, एकदाच त्यांना तो घोट घेऊन म्हणू दे, हा साव्वाचा चहा.

इतकी वर्षं तुझ्यावर जळलेला, तरी तुझाच,
साव्वा