गीझरच्या झाकणातली तारीख

दादा,

आज सकाळी मी तुमच्या नातवावर ओरडले. तिशी उलटलेला बाप्या माणूस तो; त्याचं ओरडून घ्यायचं वय नाही आणि माझं ओरडायचं राहिलेलं नाही. कबुतरं येतात म्हणून त्याने बाथरूमच्या खिडकीला प्लॅस्टिक ठोकलं होतं, चारी बाजूंनी घट्ट, आणि त्याच भिंतीवर आमचा गॅसचा गीझर. मी स्टुलावर चढून ते प्लॅस्टिक नखांनी ओरबाडून काढलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा टूथब्रश हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "सॉरी आई, माझ्या लक्षातच आलं नाही," आणि चहा प्यायला गेला. झालं, संपलं त्याचं. मी स्टुलावरून उतरून त्याच स्टुलावर बसले. गुडघे दुखत होतेच, पण उठवेना ते त्यामुळे नाही. दोन शब्द होते हो नुसते, आणि मला ते चाळीस वर्षांत जमले नाहीत.

मुलुंडच्या आपल्या घरात गीझर आला तेव्हा मी नववीत होते. तुमच्या कारखान्यातल्या कुणा साहेबाने घर सोडताना काढून टाकलेला, गंजलेला, पांढरा रंग उडालेला. आई म्हणाली, भंगारवाल्याकडे जायचं ते तुम्ही घरात आणता. तुम्ही तो गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडून तीन रविवार उघडत बसलात. चौथ्या रविवारी बादलीत कढत पाणी पडलं आणि बिल्डिंगमधले लोक बघायला आले. धूर बाहेर न्यायला त्याला नळी नव्हती. जे काय जळायचं ते बाथरूमच्याच हवेत. म्हणून तुमचा एकच नियम होता, खिडकीच्या काचेच्या पट्ट्या कायम उघड्या ठेवायच्या, थंडी असो की पाऊस. दर तीन महिन्यांनी तुम्ही तो साफ करायचात आणि बॅटरी धरायला मी. आधी सिलेंडरचा नॉब बंद. मग गीझर पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं, त्यात तुमची एक विडी व्हायची. झाकण काढून बर्नरच्या फटी जुन्या टूथब्रशने घासायच्या, सायकलच्या पंपाने हवा मारायची, वरच्या तांब्याच्या पत्र्यांवरची काजळी झटकायची. छोट्या ज्योतीच्या भोकात स्टोव्हची पिन नुसती टेकवायची, खुपसायची नाही, नाहीतर भोक मोठं होतं. शेवटी नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. मग पेटवायचं, आणि गीझरच्या झाकणातल्या इवल्याशा खिडकीतून आपण दोघं आत बघायचो. "ज्योत निळी व्हयी, बाय. पिवळी दिसली काय समजायचा, तिका हवा गावणा नाय." एवढं बोलून तुम्ही कानावरची पेन्सिल काढायचात आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख लिहायचात. एकाखाली एक, बारीक अक्षरात. शाळेत तुम्ही सातवीच्या पुढे गेला नाहीत, पण तुमच्याइतकी टापटीप मी नंतर कुणा ऑफिसरातही बघितली नाही.

त्या गीझरने तुमचं नाव केलं. कुणाची शेगडी भुरभुरत जळते, कुणाचा बर्नर फट्कन विझतो, सगळे आपल्या दारात. तुम्ही कामावरून येऊन हातपाय धुवायच्या आत कुणीतरी शेगडी घेऊन जिन्यात उभं. आई कटकट करायची, आणि तुम्ही खूश असायचात. कारखान्यात तुम्ही शंभरातले एक फिटर. बिल्डिंगमध्ये मात्र बायका तुमच्या शब्दाशिवाय गॅसची नळीसुद्धा बदलायच्या नाहीत.

मी अकरावीत गेले त्या वर्षी मागच्या मोकळ्या जागेवर नवी बिल्डिंग उभी राहायला लागली. आधी खड्डा होता तोवर ठीक. दिवाळीनंतर बांबूंची परांची आपल्या मजल्यापर्यंत आली. एके दिवशी अंगावर पाणी घेताना मी वर बघितलं, तर पट्ट्यांच्या फटीतून एक माणूस बघत होता. हातात थापी, आणि घाई काहीच नाही. हे कुणाला सांगणार होते मी? तुम्हांला तर शक्यच नव्हतं. आईला सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तू बघितलंस कशाला वर. म्हणून मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, चार तुकडे केले आणि ते पट्ट्यांच्या मधे बसवायला लागले. आंघोळ झाली की काढून कपाटामागे ठेवायचे. महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही.

त्या रविवारी मी पुठ्ठा काढायला विसरले. टीव्हीवरची सकाळची मालिका संपली आणि आई न्हायला गेली. शिकेकाई लावून तिचं न्हाणं म्हणजे तास धरून चाला. गीझर चालू, दार बंद. तुम्ही पेपर वाचताय. मी गॅलरीत केस वाळवतेय. मधेच तुम्ही पेपर खाली करता आणि म्हणता, तांब्याचा आवाज का येत नाही? पाणी बादलीवरून वाहतंय ते ऐकू येतंय, तांब्या नाही. तुम्ही दोनदा हाक मारता, मग खांद्याने कडी तोडता. आईला तुम्ही चादरीत गुंडाळून गॅलरीत आणलंत तेव्हा तिच्या केसांतून शिकेकाईचं पाणी गळत होतं आणि मान एका बाजूला पडली होती. मी तिच्या तोंडाशी हात धरला. श्वास होता.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. आई तासाभराने बोलायला लागली, पुढे आठवडाभर तिचं डोकं दुखत होतं, पण वाचली. तोवर घर माणसांनी भरलं होतं. काका आले होते, वरच्या-खालच्या बायका आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आत घाण वायू कोंडला, पण खिडकी तर उघडी आहे. मी धावत जाऊन बघितलं. पट्ट्या सताड उघड्या होत्या आणि पुठ्ठा कुठेच नव्हता. मी बाहेर आले तर काका तुम्हांला विचारत होते, असं झालं कसं? तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालात, "माझीच चूक. बर्नर साफ करूचो रवलो."

आधीच्याच रविवारी तुम्ही तो साफ केला होता, दादा. बॅटरी मीच धरली होती. ज्योत निळी होती.

नंतरचं तुम्हांला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहायचं आहे. शेगड्या यायच्या बंद झाल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. तळमजल्यावरच्या वहिनींचा बर्नर बिघडला तेव्हा तुम्ही आपण होऊन पाना घेऊन गेलात, आणि त्या म्हणाल्या, राहू द्या हो, दुकानातून माणूस बोलावलाय. तुम्ही पाना खिशात घालून वर आलात आणि जेवायला बसलात. आई तर जन्मभर बोलली. कशावरूनही भांडण निघालं की शेवट ठरलेला, "तुमचो तो डबो माका खाणार होतो." तुम्ही खाली मान घालून भात कालवत राहायचात. मी समोर बसलेली असायचे. ती गेली तीही हेच मनात धरून.

गीझर तुम्ही एकट्याने उतरवलात. बॅटरी धरू का, विचारलं, तर नको म्हणालात. झाकण गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी उचलून आतून बघितलं. सगळ्या तारखा जागच्या जागी होत्या, फक्त शेवटची ओळ नव्हती. तिथे पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला होता. आणि त्याच आठवड्यात तुम्ही खिडकीच्या काचा एकेक करून काढल्यात आणि त्यांना पांढरा ऑइलपेंट मारलात. पट्ट्या परत तिरप्या उघड्या बसवल्यात, अशा की हवा येईल पण समोरून नजर येणार नाही. आईने विचारलं, हे काय नवीन? तुम्ही म्हणालात, ऊन लागतं. त्या खिडकीला कधी ऊन नव्हतं. मी तिथेच धुणं वाळत घालत होते. मी पुढचा कपडा झटकला. तुम्हांला वाटलं असेल, पोर घाबरलीय, विसरली बिचारी, तिला कशाला टोचायचं. त्यापुढे अकरा वर्षं तुम्ही होतात आणि त्यातल्या एकाही दिवशी तुम्ही मला विचारलं नाहीत. कधी कधी वाटतं, विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पण हे तुमच्यावर दोष टाकणं झालं, तेही आता.

थकले मी, दादा. हे पत्र तुम्ही गेल्यापासून मी मनात कितीदा लिहिलं आणि दर वेळी एकाच वाक्यापाशी थांबले. आजही थांबले असते. वर लिहिलंय बघा, मी पुठ्ठा काढायला विसरले. ते वाक्य खोडायला हवं. आई आत गेली, कडी लागली, आणि गॅलरीत केस झटकताना मला पुठ्ठा आठवला होता. मी उठले, दारापर्यंत गेले. दार वाजवलं की ती विचारणार, काय गं, आणि मग सगळं सांगावं लागणार. आतून तांब्याचा आवाज येत होता. मला वाटलं, होईलच की तिचं आता. मी परत गॅलरीत येऊन बसले.