नकाशातली गंजी

८ ऑक्टोबर २००६, रविवार

सरावाला दोघीच. माझी नात निकिता आणि बशीर मेकॅनिकची गझाला. बाकीच्या पोरी कापूस वेचायला गेल्या. हातात नकाशा आणि होकायंत्र, रानात ठेवलेली निशाणं क्रमाने शोधत पळायचं — दारव्ह्यात अजून कुणाला या खेळाचं नाव नीट घेता येत नाही. निवड पुढच्या रविवारी. पुण्याच्या शिबिराला जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार. नकाशा मीच काढलेला, मार्चमध्ये.

निकिता आधी पाय टाकते, नकाशा मग बघते. गझाला रोज्यातही घाई करत नाही. नकाशा उत्तरेला वळवते, आपल्या जागेवर अंगठा ठेवते, मगच निघते. माझ्या नागपूरच्या शाळेमागच्या टेकडीवर सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला असंच शिकवायच्या. त्यांचं पितळी होकायंत्र गझालाला वापरायला दिलंय. निकिता फुगलीय.

११ ऑक्टोबर

आज डावपेच. एकदम निशाणावर धावायचं नाही. जवळची ठळक खूण गाठायची, तिथून पावलं मोजायची. नाल्याच्या वळणावरच्या निशाणाला दोन वाटा — दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून वाळक्या कापूसकाड्यांच्या, पऱ्हाट्यांच्या गंजीपर्यंत आणि तिथून साठ पावलं. किंवा पुलापासून नाल्याच्या काठाने, लांबून. उभ्या कापसात पाय टाकला की बाद.

"धुऱ्यानं जवळ पडते, मॅडम. रोज्यात लांबून कायले पळू?" गझाला म्हणाली. बरोबर आहे तिचं.

सिस्टरांचा नियमही पुन्हा बजावला. नकाशाबाहेरचं काही कानावर आलं, तरी ते वापरायचं नाही.

१४ ऑक्टोबर

नाल्याजवळच्या विमलताईंच्या शेताकडे जाऊन आले. गंजी नाही! दिवाळीच्या तळणासाठी त्यांनी पऱ्हाट्या घरी नेल्या. जन्म इथे गेला माझा, आणि चुलीचं जळण मी नकाशावर पक्की खूण म्हणून काढलं.

चहा गाळताना निकिताला म्हणाले, "गंजी गेली गं. तू नाल्याच्या काठानेच जा." सहज म्हणाले — असं लिहिणार होते. सहज नव्हतं.

तेवढ्यात गझाला दारात, उद्याची वेळ विचारायला. तिला वेळ सांगितली. तेवढीच. उद्या पळण्याआधी सगळ्यांनाच सांगू, असं ठरवलं.

१५ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

निकिता पहिली. गझाला दुसरी, सात मिनिटं मागे. सगळी सात मिनिटं त्या धुऱ्यावर गेली, साठ पावलं कुठून मोजायची ते शोधण्यात. ओठ कोरडे पडले होते पोरीचे. न्यायला आलेला बशीर मलाच म्हणाला, "चुकते माणूस, मॅडम. तुमी तं लय मेहनत घेतली." मी मान हलवली. मान हलवली मी!

१६ ऑक्टोबर

निवडीच्या पंचांना पत्र लिहिलं. फाडलं. निकिता नवे बूट घालून घरभर फिरतेय.

१८ ऑक्टोबर

गझाला संध्याकाळी होकायंत्र परत द्यायला आली. रुमालात गुंडाळून. मला राहवलं नाही. "गझाला, गंजी तिथे नव्हती. मला आधीच ठाऊक होतं."

"मलेई होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी चपला काढता काढता ऐकलं."

"मग त्या वाटेने का गेलीस?"

"तुमीच सांगतलं होतं ना, मॅडम. नकाशाबाहेरचं वापराचं नाही."

रोजा इथेच सोड म्हटलं. थांबली नाही.

पत्र पुन्हा लिहायला घेतलंय. निकिता दारात उभी आहे. तिने सगळं ऐकलंय.