बसून करायचं काम

१२ सप्टेंबर

शिसं. माझ्या रक्तात! काउंटीच्या दवाखान्यातल्या लोर्ना नर्सने दुपारी फोन करून खात्री केली. आकडा सात. पोटुशीला पाचाच्या वर नको. नमुन्यावरचं नाव तपासलं का, असं मी विचारलं.

"टेसा, तुझंच आहे. दोनदा बघितलं."

एकेचाळिसाव्या वर्षी दिवस राहिले, आता पाचवा महिना. साप्ताहिकात मी रोज दुसऱ्यांच्या वाईट बातम्या लिहिते आणि पहिलं वाक्य आपोआप सुचतं. आज सुचेना.

१३ सप्टेंबर

लोर्नाचा संशय शिकारीच्या एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या मांसावर. शिशाची गोळी हाडावर फुटते आणि तिचे कण मांसभर पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. आम्ही हिवाळाभर तेच खातो — स्टू, सॉसेज, सगळं. माझ्या नवऱ्याने, डेलने, फ्रीजर रिकामा केला, सगळं गाडीत घातलं. मी दारात उभी.

सासरे भडकले. त्यांचं नाव ऑर्व्हिल, पण सगळे पॉपच म्हणतात. "आमच्या चार पिढ्या हेच खाऊन वाढल्या!"

"यंदा तांब्याच्या गोळ्या, पॉप. काडतुसं मी भरते."

"म्हणजे नळाचे तांब्याचे पाइप फेकून एल्क मारणार का, पोरी?"

पण जेवण झाल्यावर तळघरातलं टेबल त्यांनीच पुसून दिलं.

१८ सप्टेंबर

तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसाच्या पितळी पुंगळीत खोल बसते आणि बंदुकीच्या दारूला जागा कमी उरते. म्हणून जुनं माप चालत नाही. तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या मापापासून सुरुवात करायची, थोडं थोडं चढायचं आणि दर खेपेला पुंगळी निरखायची. त्याआधी बंदुकीची नळी घासून घासून जुना थर काढला. हात दुखतायत.

आज कुरणात पहिली चाचणी. पाच गोळ्या, ताटभर पसरल्या!

पॉप खूश. "एल्क सुटेल. डोंगराला नक्की लागेल."

२४ सप्टेंबर

रोज नेम, रोज रिकाम्या पुंगळ्यांची बादली. पुन्हा भरण्याआधी त्या घासायच्या यंत्रात टाकायच्या. यंत्र म्हणजे एक थरथरणारं भांडं, आत अक्रोडाच्या कवचांचा भुसा. पॉपना त्याचा फार अभिमान. "आमच्या लग्नातलं आहे. एकदाच काय ते मोडलं, तेही मीच दुरुस्त केलं."

मग पुंगळ्या भुशातून चाळायच्या. पॉपनी माझ्यासाठी खुर्ची आणली, गादी घातली. "उभं राहायचं नाही. हे बसून करायचं काम."

सासूबाई, सॉल्व्हेग, शेजारीच धुतलेले कपडे घड्या घालत होत्या. स्वयंपाकघरातली पिठाची जुनी चाळणी त्यांनीच दिली. "मलाही हेच काम असायचं पोटुशी असताना. ऑर्व्हिल दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचा नाही." मग म्हणाल्या, "तेवढंच डोकं शांत राहायचं."

डेलच्या आधीची तीन पोटातच गेली. त्या कधी बोलत नाहीत. माझ्या बाळासाठी अजून लोकरही आणलेली नाही. विणायला घेतलं की जातं, असं त्यांच्या मनात बसलंय.

चाळताना धूळ उडते, खिडकीतल्या उन्हात चमकते. छान वाटतं.

३ ऑक्टोबर

पॉप म्हणाले, "तुझी गोळी नळीतल्या आट्यांना अगदी चिकटून बसतेय. तांब्याला थोडी पळायला जागा दे." गोळी किंचित आत बसवली. ताटभर होतं ते बशीभर झालं!

आज दोन बादल्या चाळल्या.

९ ऑक्टोबर

तीन गोळ्या, एका क्वार्टर नाण्याखाली झाकतील अशा! पॉपनी टोपी काढली — मला!!

११ ऑक्टोबर

तेरा.

सात नाही — तेरा! दुसऱ्या तपासणीचा फोन. लोर्ना म्हणाली, "खरं सांग, मांस खाल्लंस?"

"एक घाससुद्धा नाही."

डेल ओरडला, "मग हे येतंय कुठून?" कुणावर ओरडला, त्यालाही माहीत नसावं. बाळ आत लाथ मारत होतं.

१२ ऑक्टोबर

लोर्ना घरी आली. कापसाच्या काड्या घेऊन. शिसं असेल तिथे काडी लाल होते. नळावर काडी पांढरीच राहिली. खिडक्यांच्या रंगावरही पांढरीच. मीठ-मिरीच्या बाटल्यासुद्धा पुसल्या. मग म्हणाली, "तू दिवसभर बसतेस कुठे?"

मी तिला तळघरात नेलं. जरा अभिमानानेच! नाण्याएवढ्या नेमाचा कागद दाखवायचा होता.

तिने यंत्राचं झाकण पुसलं. लाल. चाळणी — लाल. माझ्या स्वेटरची बाही, खुर्चीवरची गादी, घड्या घातलेले टॉवेल. लाल, लाल, लाल.

"पण गोळ्या तांब्याच्या आहेत," मी म्हणाले. मूर्खासारखी दोनदा म्हणाले.

"गोळी नव्हे, टेसा. पुंगळीच्या बुडाची टोपी, ठिणगी पाडणारी. शिसं तिच्यात असतं. तिची राख पुंगळीत राहते, तिथून भुशात जाते. मग चाळलं की हवेत."

म्हणजे शिसं टाळायला जितका नेम धरला, तितक्या पुंगळ्या. जितक्या पुंगळ्या, तितकी चाळण. रोज. पोटावर चाळणी ठेवून.

पॉप जिन्याच्या पायरीवर बसले. "तुला बसायला मिळावं म्हणून दिलं गं. फक्त बसायला मिळावं म्हणून."

आम्ही रात्रीच डेलच्या मित्राकडे हललो, अंगावरचे कपडेही तिथे बदलून. लोर्ना म्हणाली, धूळ सुटली की आकडा उतरतो. बाळाचं विचारलं तर म्हणाली, "आत्ता कुणालाच सांगता येणार नाही."

१४ ऑक्टोबर

सॉल्व्हेग सकाळी इथे आल्या. कोट न काढताच खुर्चीत बसल्या. कॉफी गार झाली तरी कपाला हात लावला नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "डेलच्या वेळी ते यंत्र मोडलेलं होतं. तो जन्मेपर्यंत."

पॉपना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी माझं रक्त पुन्हा तपासणार. त्या म्हणाल्या, माझंही घ्या.