ड्वेनसाठी तीन पिंपं

१२ मार्च
संकल्प: स्टोव्हवरचं पातेलं आजपासून बंद. इतकी वर्षं ड्वेन आणि मी त्याच्या किचनमध्ये बिअर उकळली आणि इतकी वर्षं ती उतू गेली. काल पुन्हा गेली. त्याची बायको लव्हॉन फरशी पुसताना म्हणाली, "हा नवरा आहे म्हणून घरात राहील. वेंडेल, तू तुझं पातेलं घे आणि चालू लाग." रास्त बोलली.
आता बिअरची जुनी स्टीलची पिंपं आणायची, वरची झाकणं कापायची, नळ बसवायचे आणि माझ्या गॅरेजमध्ये एकाखाली एक मांडायची. वरच्यात गरम पाणी, मधल्यात सातूचं माल्ट भिजेल, खालच्यात उकळेल. बेसबॉल सुरू व्हायच्या आत ही तीन मजली टाकी उभी. ड्वेनला फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, "तुला वेल्डिंग येतं?" म्हटलं, शिकता येतं. हसायला लागला, मग मध्येच थांबला. पोटात कळ आली म्हणे. हसून आली असणार.

२७ मार्च
धक्क्याजवळचा बार बंद झाला. मालकाने तीन पिंपं फुकट दिली. पोचे आहेत, पण ते खालच्या बाजूला जातील. उचलायला ड्वेन ट्रकमधून उतरलाच नाही. "तू उचल, मी देखरेख करतो," म्हणाला. आळशी झालाय. हिवाळ्यात सगळेच होतात.

१६ एप्रिल
पहिलं पिंप कापलं. आधी आतली हवा सोडावी लागते, नाहीतर झाकण तोंडावर येतं. ते वाचलं होतं. वर्तुळ कसं आखायचं ते वाचायचं राहिलं. ड्वेनने बघितलं आणि म्हणाला, "वेंडेल, तू पिंप कापलंस की हॅलोविनचा भोपळा कोरलास?" कडेला हात लागून माझा अंगठा फाटला. बाकी प्रगती उत्तम.
बेसबॉल सुरू झालंय. नवी तारीख: चार जुलै.

३ मे
ड्वेनच्या तपासण्या झाल्या. स्वादुपिंडावर डाग दिसलाय म्हणे. लव्हॉन फोनवर फार हळू बोलत होती, मला दोनदा विचारावं लागलं. डाग तर माझ्या पिंपावरही पडलाय. साधा लोखंडी ब्रश वापरला म्हणून गंज धरला. घासला की जाईल. तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, वेंडेल."

११ जून
वेल्डिंगच्या क्लासला दोनदा गेलो. मास्तर शिकवण्यात कच्चा आहे. तो म्हणाला, माझे जोड पक्ष्याने घाण केल्यासारखे दिसतात. तिसऱ्यांदा गेलो नाही. नळ वेल्डिंगशिवायही बसतात, रबराच्या वायसर लावून. हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.
ड्वेनची केमो चालू आहे. बारीक झालाय. पोट होतं ते गेलं. डॉक्टर वीस वर्षं त्याला हेच सांगत होते.

४ जुलै
टाकी नाही झाली, पण सुट्टीच्या दिवशी काम करू नये असंही आहेच. ड्वेनच्या अंगणात सॉसेज भाजले. त्याने एकही खाल्लं नाही, बिअरलाही हात लावला नाही. मला म्हणाला, "तुझ्या टाकीतल्या बिअरसाठी जागा ठेवतोय." हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे त्याला खात्री आहे.
नवी तारीख: लेबर डे, सप्टेंबरचा पहिला सोमवार.

३० जुलै
ड्वेनने मला मासेमारीचं सगळं सामान देऊन टाकलं. गळ, रीळ, लांब बूट, ती हिरवी पेटीसुद्धा. म्हणाला, गॅरेज आवरतोय. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात तुझं तुला परत देईन. त्याने बूट माझ्या पायांशी लावून बघितले. मग म्हणाला, "बूट तुला मोठे होतील. दोन मोजे घाल."
सामान गॅरेजमध्ये ठेवायला जागा नाही. टाकीमुळे.

१४ ऑगस्ट
सांगाडा उभा केला. भक्कम. वरचं पिंप चढवायला गेलो तर ते छताला टेकलं. मोजमाप बरोबर होतं, बर्नरची उंची धरली नव्हती. शिवाय गॅरेजचं दार आता वर जात नाही. गाडी बाहेर राहील. उन्हाळा आहे, काही बिघडत नाही.

२० ऑगस्ट
चांगली बातमी. ड्वेनची केमो थांबवली. उपयोग होत असताना कोणता डॉक्टर औषध थांबवेल? म्हणजे काम झालं असणार. लव्हॉनला अभिनंदन म्हणालो. तिने फोन ठेवून दिला. आनंदाने माणसाला बोलणं सुचत नाही.

२८ ऑगस्ट
लव्हॉनने ड्वेनला गाडीत घालून माझ्याकडे आणलं. गॅरेजमध्ये खुर्ची टाकली. एवढ्या उन्हाळ्यात त्याच्या गुडघ्यांवर रजई. त्याने सांगाडा खालपासून वरपर्यंत बघितला. "बिअर करतोयस की गावाला पाणीपुरवठा?" आम्ही दोघं हसलो. लव्हॉन बाहेर जाऊन गाडीत बसली.
मग त्याने हात लांब करून खालच्या पिंपाला लावला आणि तसाच ठेवला. म्हणाला, "थंड आहे." म्हटलं, दोन आठवडे थांब, चटका बसेल. तो म्हणाला, "वेंडेल, हे राहू दे. घरी ये. बस जरा." मी सांगितलं की सांगाडा कापून बुटका करायचाय, वर पाणी चढवायला पंप मागवलाय आणि पंप आला की मी मोकळा. त्याने मान हलवली. हिशोब पटला त्याला.

१२ सप्टेंबर
लेबर डे गेला. नवी तारीख देत नाही, त्याने दबाव येतो.
ड्वेनचा पलंग हॉलमध्ये आणलाय. टीव्हीसमोर. फुटबॉलचा सीझन सुरू झालाय, तेव्हा सोय उत्तम. रोज एक नर्स येते. हॉस्पिटलचा हेलपाटा वाचला.

२६ सप्टेंबर
ड्वेनचा फोन. स्वतःहून केला. आवाज बारीक, लाइन खराब असावी. म्हणाला, "ऊन छान पडलंय. मला धक्क्यावर ने. थोडा वेळ सरोवर बघू आणि येऊ." नेमका आज पंप आला होता. सगळे भाग फरशीवर मांडलेले, उठलो असतो तर कुठला स्क्रू कुठला ते कळलं नसतं. म्हटलं, गुरुवारी नक्की. तो म्हणाला, "बरं. गुरुवारी."
पंप उलटा बसवला होता. काढून पुन्हा बसवला.

२९ सप्टेंबर, गुरुवार
शब्द पाळला. ट्रक पुसला, सीटवर उशी ठेवली, थर्मासमध्ये कॉफी घेतली. ड्वेन झोपला होता. लव्हॉन दारातच म्हणाली, "आता त्याला कुठेही हलवायचं नाही." मी म्हटलं, हरकत नाही, वाराही सुटलाय. तिने विचारलं, आत येऊन बसतोस का. झोपलेल्या माणसाजवळ बसून काय करणार? उगाच झोपमोड. कॉफी घरी येऊन प्यायलो.

८ ऑक्टोबर
पाणी भरून बघितलं. मधलं पिंप गळतं. वायसर बदलली. तरी गळतं.
लव्हॉनचा फोन येऊन गेला. हात ओले होते.

१५ ऑक्टोबर
संध्याकाळी ड्वेनकडे गेलो. गळती थांबली हे सांगायला. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. मी सगळं नीट समजावलं: वायसर बाहेरून नाही, आतून लावायची, आणि नट हातानेच आवळायचा. ऐकत होता. ओठ हलले. मी वाकलो, पण कळलं नाही. लव्हॉन म्हणाली, "तुझं नाव घेतोय." म्हटलं, मी इथेच आहे की. बराच वेळ थांबलो. त्याचा हात थंड होता. हॉलमध्ये हीटर लावत नाहीत वाटतं.

१६ ऑक्टोबर
लव्हॉनचा सकाळी फोन.
आज काम केलं नाही.

२० ऑक्टोबर
प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे होते. हॅम सँडविच, बटाट्याचं सॅलड, पातळ कॉफी. ड्वेनची बहीण आयोवाहून आली होती. लोक येऊन माझा हात धरत होते, लव्हॉनचा धरावा तसा. पाद्रीने विचारलं, टाकीचं काम कसं चाललंय. म्हटलं, संपत आलं.
ड्वेनची पेटी उचलायला सहा जण बोलावले होते. एवढ्यांची गरज नव्हती.

५ नोव्हेंबर
आज टाकी पूर्ण झाली. तिन्ही पिंपं भरली, बर्नर पेटवले, पंप चालू केला. पाणी वरून मधल्यात, मधल्यातून खालच्यात, जसं कागदावर काढलं होतं अगदी तसं. खालचं पिंप खळखळून उकळलं. उतू गेलं नाही. माल्टचं पोतं भिंतीला होतं. ते उघडलं नाही.
बाजूच्या दारातून लव्हॉन आली. रस्त्यावरून वाफ दिसली म्हणे, तिला वाटलं आग लागली. पिंपात डोकावून विचारलं, "हे काय शिजतंय?"
म्हटलं, पाणी.
ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तो रोज विचारायचा, वेंडेल आला का. मी सांगायचे, तो टाकीच्या कामात आहे. तो म्हणायचा, असू दे, त्याला ओरडू नकोस. मोकळ्या हाताने बसवत नाही त्याला. भीती वाटते."
मी तिला विचारलं, रागावला होता का माझ्यावर. ती म्हणाली, "नाही. मी रागावले होते. अजून आहे." आणि माझ्या बाहीवर हात ठेवला.
मग मी म्हटलं, ड्वेन गेला. तिला माहीत नसल्यासारखं मोठ्याने म्हटलं. ती म्हणाली, "हो." पुन्हा म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, "हो, वेंडेल."
गॅस बंद केला. दुसरी खुर्ची नव्हती, माल्टच्या पोत्यावर बसलो. एवढं पाणी निवायला फार वेळ लागतो. चटका बसेनासा झाल्यावर दोघांनी खालच्या पिंपाला पाठी लावल्या आणि ते गार होईपर्यंत बसून राहिलो.