येण्याचं कारण

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, त्यामुळे वाकलो असं तूच समजून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी खोकल्याचं औषध घेतात की अजून औषधाशी वादच घालतात? माझं विचारशील तर जीव मेटाकुटीला आलाय, आणि त्याला कारण तुझी लेक.

ज्या गोदामात मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, तिथेच तिने नव्या कलेचा महोत्सव भरवलाय, हे तुला ठाऊक आहेच. ‘मला त्यातलं काय कळतंय, मी येत नाही’ असं तू तिला कळवलंस, तेही मला कळलं. त्यावर मी काही बोलणार नाही. (पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही, एवढंच.) मला म्हणाली, मामा, जाणकार कुठूनही येतील, पण या गल्लीतल्या माणसांनी जन्मात प्रदर्शन पाहिलेलं नाही, ती बिचकतात, दारात ओळखीचा चेहरा हवा. झालं, मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

तीन दिवस गल्लीतलं चिटपाखरू प्रदर्शन बघायला आत गेलं नाही. माणसं यायची, दाराशी घुटमळायची आणि परत जायची. मला वाटलं, लोकांना कशाची आवडच नाही. आता तुझ्यापासून काय लपवायचं? दारात मी माझं जुन्या पद्धतीचं रजिस्टर मांडलं होतं. नाव, आत जाण्याची वेळ, येण्याचं कारण, कोणाला भेटायचं, बाहेर पडण्याची वेळ, सही. (नोंदीशिवाय आत सोडणं माझ्या हाडातच नाही गं.) कोपऱ्यावरची इस्त्रीवाली दुकान बंद करून, चांगली साडी नेसून आली होती. कारणाच्या रकान्यावर पेन धरून उभी राहिली, आणि ‘माझं काही काम नाही हो इथं’ म्हणून निघून गेली. प्लंबरने मात्र बराच विचार करून ‘पाइप बघणे’ असं लिहिलं. लिहिलं म्हणजे करायला हवंच, म्हणून आत एक नळ बादलीत ठिबकत होता तो दहा मिनिटांत दुरुस्त करून बाहेर आला. तो नळ म्हणजे एका नामांकित कलावंताची चार महिन्यांची मेहनत होती! कलावंत माझ्या अंगावर धावून आला, प्लंबर म्हणाला वायसर नवा घातलाय, वर्षभर बघायला नको. दोघांना चहा पाजता पाजता माझी दमछाक झाली.

त्या संध्याकाळी तुझ्या लेकीने रजिस्टर वाचलं आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, मामा, सहज आलेला माणूस यात कुठे लिहायचा?

ताई, फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून कारणाच्या रकान्यात मीच सगळ्यांच्या नावांपुढे ‘सहज’ लिहायला लागलो. इस्त्रीवालीच्या दुकानात स्वतः गेलो, माफी मागितली, बरोबर घेऊन आलो. शेवटच्या खोलीत अंधार आहे, एक स्टूल आहे, आणि शिलाई मशीनचा नुसता आवाज. जाणकार तिथे उभे राहून अर्धा अर्धा तास बोलतात. ही बाई स्टुलावर बसली, डोळे मिटले, आणि बाहेर येऊन म्हणाली, मशीनचा पट्टा सैल आहे, आणि चालवणारी दमलीय, शिवण संपायच्या आधीच मधे मधे थांबते. तुझी लेक खांबाआड जाऊन रडली. त्यानंतर गल्ली लोटली, आणि माझ्या पायांचं पार भुस्कट झालंय.

असो. फार लिहिलं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दमलेला भाऊ

ता. क. मागच्या सुट्टीत पोरगी तुझ्या मशीनपाशी मोबाइल विसरून गेली होती, आठवतं? विसरली नव्हती. (मी सांगितलं असं सांगू नकोस.) आणि तो पट्टा बदलून घे आता.

आणखी एक. रविवार शेवटचा दिवस. रजिस्टरात तुझं नाव मी आजच लिहून टाकलंय, वेळ दुपारी चार, कारण ‘सहज’. एकतीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही, ताई. आता करायला लावू नकोस.