मेगनचं राहिलेलं बक्षीस

८ नोव्हेंबर, शनिवार

सीझनची पहिली होम मॅच. डोंगरावरच्या आमच्या घरून खाली शहरात उतरेपर्यंत गारठवणारा पाऊस. विंटर टायर सुरेश पुढच्या आठवड्यात लावणार आहे. आमच्या नवरोबांचा दरवर्षी पुढचाच आठवडा असतो.

युनिव्हर्सिटीच्या जिमच्या दारात मेगनचा फोटो, माणसाहून मोठा. हातात बास्केटबॉल नाही, गाडीची किल्ली. कुठल्याशा कार डीलरची जाहिरात. सुरेश एकदम खूश, "आपली मेगन!" मी पण हसले. आत जाऊन बसेपर्यंत मात्र काहीतरी बिनसलं होतं. काय ते कळेना.

शेजारी नेहमीप्रमाणे डग, थर्मासमधला चहा घेऊन. रिटायर्ड शाळामास्तर. इतकी वर्षं शेजारी बसतोय. आमचं बोलणं म्हणजे डिफेन्स, पंच आणि त्याचा गुडघा. आज बसता बसता पहिलं वाक्य, "कुंदा, तुझ्याकडे येते ना ती. जाहिरातीचे किती मिळतात तिला?"

मला माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

जिंकलो. शेवटच्या मिनिटाला मेगनने पाठीमागून जो पास दिला! टाळ्या वाजवून हात लाल झाले. एवढं ठीक.

९ नोव्हेंबर, रविवार

मेगन जेवायला. "जय भीम, आंटी" दारातूनच. हे सुरेशने शिकवलेलं, त्याचं त्याला केवढं कौतुक.

पहिल्या वर्षाला होती तेव्हा मी काम करते त्या लॅबमध्ये तपासणीचं रक्त द्यायला आली होती. सहा फूट उंच पोर, आणि सुई बघून डोळे गच्च मिटलेले. उत्तरेतल्या खाणीच्या गावची. आई एकटी, मोटेलमध्ये साफसफाई करते. विचारलं, जेवतेस काय? म्हणे सिरिअल. दुपारी? सिरिअल. त्या रविवारी घरी बोलावली, वरण-भात खाऊ घातला, तेव्हापासून रविवार तिचा. आमची लेक प्रज्ञा कॅल्गरीला गेल्यापासून ती खुर्चीही हिचीच.

आज चॉकलेटचा भला मोठा बॉक्स आणला, रिबीन वगैरे. घरच्यांसाठी असं कोणी आणतं का? पण फार आनंदाने आणला होता. म्हणाली, आईचे दात करून घेतले जाहिरातीच्या पैशांतून, आता ती तोंडावर हात न धरता हसते.

मी तिला दुसऱ्यांदा वरण वाढलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

कपाट आवरताना ती नोट सापडली. मेगनची. म्हणजे मी तिला दिलेली आणि परत आलेली.

नागपूरला आमच्या वस्तीच्या मैदानावर कबड्डी रंगली की प्रेक्षकांतून कोणीतरी उठायचं. चांगली पकड केली, की स्पीकरवर, "अमुक अमुक यांच्याकडून खेळाडूला बक्षीस!" मी डावा कोपरा खेळायचे. एकदा त्यांची सगळ्यात दांडगी चढाईवाली एकटीने घोट्याला धरून पाडली. मिलमधले एक म्हातारे, घसा बसलेला, सरळ मैदानात आले आणि सेफ्टी पिनने माझ्या टीशर्टला नोट टोचली. बाबा कडेला उभे होते. बाबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ती नोट बरेच दिवस खर्चच केली नव्हती.

मेगनने पहिल्या वर्षी शेवटच्या क्षणी बास्केट करून मॅच जिंकून दिली. मला राहवलं नाही. पर्समधून नोट आणि पिन काढून थेट कोर्टवर गेले आणि तिच्या जर्सीला टोचली. सगळं जिम हसत होतं, टाळ्या पण पडल्या. कोच मात्र पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी नोट पाकिटातून परत, सोबत फार नम्र चिठ्ठी. विद्यार्थिनींनी प्रेक्षकांकडून पैसे घ्यायचे नसतात, तिचं खेळणं बंद होऊ शकतं. मी घाबरून रात्रभर जागी. आता तो नियमच बदलला, खेळाडूंनी पैसे घेतलेले चालतात.

नोट परत आली, पिन नाही आली. ती मेगनने बॅगेच्या पट्ट्याला लावली. "पिन इज नॉट मनी, आंटी." अजून तिथेच आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हरलो. मेगनचे दोन्ही फ्री थ्रो चुकले, तेही शेवटी.

मागून एक माणूस ओरडला, "एवढे पैसे घेऊन हे?" मी वळले. म्हटलं, ती विद्यार्थिनी आहे. तो शांतपणे म्हणाला, "नॉट एनीमोअर, मॅम." उद्धट नव्हता. तेच जास्त लागलं.

खरं लिहायचं तर ते सुद्धा नाही लागलं. पहिला थ्रो चुकला तेव्हा तो ओरडायच्या आधी माझ्या मनात तेच आलं होतं. जाहिराती करत फिरते, सराव कधी करते ही? माझ्या मनात! जिची खुर्ची माझ्या घरात आहे तिच्याबद्दल. पूर्वी तिचा थ्रो चुकला की मी आधी तिचा चेहरा बघायचे. आज आधी हिशेब आला, चेहरा नंतर.

सुरेशला सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

मेगन आजही नाही. जाहिरातीचं शूटिंग. नंतर परीक्षा. वरण दोघांना जास्त होतं. डब्यात भरून लॅबला नेणार.

डग काल मॅचला नव्हता. फोन केला तर म्हणाला, गुडघा. मग, "पूर्वी कुठली मुलगी काय शिकते ते मला माहीत असायचं, कुंदा." बस, एवढंच. एप्रिलमध्ये पुढच्या सीझनच्या सीट्स रिन्यू करणार नाही म्हणतो.

११ जानेवारी, रविवार

आमच्या आंबेडकरी संघटनेची मीटिंग, मेश्राम सरांच्या बेसमेंटमध्ये. भीम जयंतीचं ठरवायला. मुलांच्या खेळांची बक्षिसं मेगनच्याच हातून, दोन वर्षं तेच चाललंय. पोरी तिच्या कमरेलाही लागत नाहीत आणि फोटोसाठी टाचा उंचावून उभ्या राहतात. मला म्हणाले, "ताई, तुम्ही बोला तिच्याशी." मी मागच्याच आठवड्यात मेसेज केला होता.

उत्तर आलं मीटिंग चालू असतानाच. मेगनचं नाही. तिचं काम बघणाऱ्या एजन्सीचं. उपस्थितीचा दर अमुक, वेळ एवढी, फोटो असतील तर वेगळे. खाली शुभेच्छा.

मी मोठ्याने वाचत होते. अर्ध्यात थांबले, पण तोवर सगळ्यांना कळलं होतं. मेश्राम सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आपण वक्त्यांनाही मानधन देत नाही. आजवर कोणी मागितलं नाही." रागाने नाही. पण खोलीतले सगळे माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

मी म्हटलं, दुसरं कोणी बघू.

गाडीत सुरेश, "तिला माहीतच नसंल हे."

"माहीत असो नसो."

"कायले त्रास करून घेतेस?"

रेडिओवर मॅचची कॉमेंट्री लागली होती, बंद केली.

१८ जानेवारी, रविवार

प्रज्ञाचा फोन. सगळं सांगितलं, वाटलं बाजू घेईल. लेक माझी, पण वकिली दुसऱ्यांची.

"आई, शी इज वर्किंग. लोक तिकीट काढून येतात, युनिव्हर्सिटी कमावते, आणि तिने फ्री खेळायचं?"

म्हटलं, प्रेमाने खेळायची की. आम्ही पण प्रेमाने जायचो.

"यू, ऑफ ऑल पीपल! तुझी आजी गावात फुकट राबायची तेव्हा लोक काय म्हणायचे? की हा तुमचा मान आहे. तूच सांगितलंस ना मला? यू टोल्ड मी दॅट स्टोरी अ हंड्रेड टाइम्स."

सुरेश तिकडे पेपरात तोंड घालून बसला, म्हणजे ऐकत होता.

आजीला सणाला शिळं अन्न मिळायचं ते मानाचं म्हणून. बाबांनी गाव सोडलं ते त्या मानाला कंटाळून. मी स्वतः युनियनची मेंबर, ओव्हरटाइमचं एक मिनिट सोडत नाही. मग मेगनच्या कष्टाचे पैसे मला का टोचतात? ती बरोबर आहे, प्रज्ञा बरोबर आहे, हे कळतं. कळून काही होत नाही. प्रेम कमी झालंय ते झालंय, आणि ते मला परत हवंय. कुणाकडे मागू?

८ फेब्रुवारी, रविवार

बर्फ. सुरेश ड्राइव्हवे शोव्हल करत होता तेवढ्यात मेगन आली, न कळवता. त्याच्या हातातून शोव्हल घेऊन उरलेला तिनेच काढला. मग आत.

जेवली. नेहमीसारखी नाही, भात चिवडत. मग म्हणाली, सप्टेंबरपासून अमेरिकेत. मोठं कॉलेज, मोठी लीग, वर पैसेही. आईला काम सोडता येईल. हे सगळं ताटाकडे बघत.

"आंटी, आर यू मॅड अ‍ॅट मी?"

नाही म्हणणार होते. तोंडातून जयंतीचं निघालं. एजन्सीचं उत्तर तिला फोनवर दाखवलं. वाचताना ती कानापर्यंत लाल झाली. खरंच माहीत नव्हतं तिला. म्हणाली, फुकट यायलासुद्धा आता त्यांची परवानगी लागते. सही केलीय. त्यांना विचारलं तर नाहीच म्हणतील, कारण मग सगळेच फुकट बोलावतील.

"आय डिड नॉट नो आय वॉज सायनिंग दॅट." रडायला लागली. एवढी धिप्पाड पोर माझ्या टेबलावर डोकं ठेवून. मी केसांवरून हात फिरवत राहिले. तिच्यावरचा राग तिथेच गेला. पण राग कोणावर होता मुळात?

२१ फेब्रुवारी, शनिवार

तिची इथली शेवटची मॅच. डगची खुर्ची रिकामी, तिथे दोन पोरं फोनवर पैज लावत बसलेली, स्कोअरपेक्षा फोनच जास्त बघत होती.

निघताना ती जुनी नोट पर्समध्ये टाकली होती. आता चालतं ना सगळं. कार डीलर देतो तर मी का नाही?

जिंकलो. ती फार सुंदर खेळली. जिम उभं राहिलं, सुरेश तर खुर्चीवर. मी खाली कठड्यापाशी गेले. तिने मला बघितलं, माझा पर्समधला हात बघितला, आणि कळलं तिला. हसून खांदा पुढे केला. "नाउ यू कॅन, आंटी."

हात बाहेरच येईना. नोट बोटात धरलेली, पण तिच्यामागे भिंतीवर त्या डीलरचं नाव, तिच्या छातीवर आणखी कोणाचं. माझी नोट त्यांच्या रांगेत शेवटची लागली असती. "नंतर," म्हटलं. तिचा खांदा थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग ती सह्या द्यायला वळली.

घरी येईपर्यंत रडले. सुरेशने हीटर वाढवला.

१८ एप्रिल, शनिवार

जयंतीचा कार्यक्रम, शाळेच्या हॉलमध्ये. बक्षिसं मेश्राम सरांनी दिली. पोरींचे चेहरे जरा उतरलेले, पण खेळल्या जोरात.

संगीत खुर्ची चालू असताना सुरेशने कोपर मारलं. मागच्या दारापाशी, जिथे जोड्यांचा ढीग असतो, तिथे टोपी खाली ओढून मेगन बसलेली. जमिनीवर, प्रेक्षकांत. मी गेले.

"आय अ‍ॅम नॉट हिअर," ती म्हणाली. "आय जस्ट केम टू वॉच."

एक-दोघींनी फोन काढले. मेश्राम सरांनी स्टेजवरून बघितलं, आणि माइकवर म्हणाले, "आज कोणाचेही फोटो काढू नका, मुलांकडे लक्ष द्या." ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मग तिला कोणी त्रास दिला नाही. कुणीतरी बुंदीची प्लेट आणून ठेवली.

शेवटी मुलींची कबड्डी, मीच शिकवलेली. खोब्रागडेंची धाकटी, दोन वेण्या, डावा कोपरा. समोरची दुप्पट उंच पोर आत आली आणि हिने झेप घेऊन घोटाच धरला, सोडलाच नाही. मेगन ताडकन उभी. टोपी खाली पडली. हॉलभर ऐकू जाईल असं ओरडली. स्वतःच्या मॅचमध्येही मी तिला असं ओरडताना ऐकलेलं नाही.

मग माझ्याकडे हात पसरला. "आंटी. यू स्टिल हॅव इट?"

नोट पर्समध्येच होती. दिली. तिने बॅगेच्या पट्ट्याची पिन काढली, मॅटवर गेली, गुडघ्यावर बसली आणि त्या पोरीच्या टीशर्टला नोट टोचली. पोरगी श्वास रोखून उभी. तिच्या बाबांकडे माझी नजर गेली आणि मग मला पुढचं नीट दिसलं नाही. मी टाळ्या वाजवत होते. हात दुखेपर्यंत.

मेगन जेवून गेली. जाताना सुरेशशी जय भीम, माझ्या गळ्यात पडली. पुढच्या रविवारी येते म्हणाली, त्यानंतरच्या रविवारांचं माहीत नाही. पट्ट्यावर पिनेच्या जागी दोन बारीक भोकं राहिलीत.

गाडीत सुरेश म्हणाला, सीट्स रिन्यू करायची मुदत सोमवारपर्यंत आहे. काय करायचं?

म्हटलं, डगला आधी विचारते.