तीन वाट्या

प्रिय ताई,

हे पत्र ड्यूटीवरून आल्याआल्या उभ्याउभ्या वाचू नकोस. हातपाय धू, चहा घे, बस आणि मग वाच. फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला.

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर तू सहा आठवडे तिच्याकडे राहिलीस आणि तुझं घर माझ्यावर सोपवलंस, त्या दिवसांबद्दल लिहायचं आहे. आपल्यात नर्स तू एकटी, त्यामुळे जाणार तूच हे उघड होतं. बॅगेची चेन ओढता ओढता तू मला म्हणालीस, की दोघांच्या पोटात वेळेवर काहीतरी जाऊ दे, भाज्यांवरून डोकेफोड करू नकोस, मी ती केव्हाच सोडली आहे. थोरला बटाटा आणि वाटाण्याच्या पुढे जात नाही आणि धाकटी वाटाण्यापर्यंतही येत नाही. तू हे हसत सांगितलंस. मला मात्र त्यात तुझी हार दिसली. वॉर्डातले तीस पेशंट सांभाळणाऱ्या बाईला दोन पोरांना गाजर खाऊ घालता येत नाही, असं मी मनातल्या मनात म्हटलं होतं.

माझं काम काय हे तुला साधारण माहीत आहे, पण ते चालतं कसं हे मी कधी सांगितलेलं नाही. आमच्या कारखान्यात सॉसमधला एखादा घटक बदलायचा असला, तर तो बदल खाणाऱ्याला कळेल का हे प्रयोगशाळेत आधी बघतात. चाखणाऱ्यासमोर तीन वाट्या ठेवायच्या. दोन वाट्यांत एकच सॉस, तिसरीत वेगळा. वेगळी वाटी कोणती ते त्याने ओळखायचं. पुरेशा लोकांना ओळखता आली नाही की बदल खपून जातो. कळणार नाही इतकं प्रमाण शोधून काढणं हे माझं रोजचं काम आहे आणि ते मला चांगलं येतं.

तुझ्या स्वयंपाकघरात मी तेच केलं. लाल भोपळा उकडून, मिक्सरमधून काढून, गाळून टोमॅटो सूपमध्ये घातला. पहिल्या दिवशी वाटीमागे पाच ग्रॅम. फ्लॉवर बारीक किसून भातात, गाजर वाफवून कटलेटमध्ये. एक वही केली होती. तारीख, भाजी, ग्रॅम, कोणी किती खाल्लं. दर दोन दिवसांनी पाच ग्रॅम वाढवायचे. साली मी वर्तमानपत्रात गुंडाळून कामावर नेऊन टाकत असे, कारण धाकटी केराच्या बादलीत डोकावते. इथे तुला हसू येईल. मलाही तेव्हा गंमतच वाटत होती.

थोरल्याला काही कळलं नाही. भाजी डोळ्याला दिसली नाही म्हणजे त्याच्या लेखी ती नसतेच. आठवडाभरात दोघांच्या ताटल्या लख्ख परत यायला लागल्या. भाज्याही खातात हं, असं मी भाऊजींना सांगितलं. कशा, ते सांगितलं नाही. त्यांनी कौतुकाने तुला फोन लावला आणि म्हणाले, तुला आठ वर्षांत जमलं नाही ते हिने आठ दिवसांत करून दाखवलं. तू म्हणालीस की माझ्याच हाताला चव नसेल. स्पीकर चालू होता, मी तिथेच उभी होते. तुला खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ओटा पुसत राहिले.

बाराव्या दिवशी, वाटीत तीस ग्रॅम भोपळा असताना, धाकटीने चमचा खाली ठेवला. भाऊजी तिला वकीलबाई म्हणतात ते काही उगाच नाही. तिने आरडाओरडा केला नाही. तिने सरळ विचारलं, "मावशी, यात भोपळा आहे का?" मी नाही म्हटलं. ताई, नाही म्हणायला मला एक सेकंदसुद्धा लागला नाही. मला लागतोय, असं ती म्हणाली. हिला पाण्यातसुद्धा भोपळा लागेल, असं थोरला म्हणाला, आणि भाऊजी हसले. विषय तिथेच संपला असता. पण तिने सूप तसंच सोडलं आणि मला वहीत पहिल्यांदा शून्य लिहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलं, चल, माझ्या ऑफिसात घेतात तशी तुझी परीक्षा घेऊ. ती किती खूश झाली म्हणून सांगू. मी तिला माझा पांढरा कोट चढवला, बाह्या चार चार घड्या घालून. थोरल्याला पंच केलं. टेबलावर सूपच्या तीन वाट्या मांडल्या आणि नियम सांगितला, की दोन साध्या आहेत, एकीत भोपळा आहे, कुठली ते तू ओळखायचं. तिने तिन्ही चाखल्या. मी शिकवल्याप्रमाणे मध्ये मध्ये पाण्याने चूळ भरली. पुन्हा तिन्ही चाखल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तिन्हींत आहे."

तिन्हींत होता. मी तिन्ही वाट्या एकाच पातेल्यातून भरल्या होत्या. ती कुठल्यातरी एका वाटीवर बोट ठेवणार आणि मी चूक म्हणणार, एवढाच माझा बेत होता. आमच्याकडे चाखायला शिकलीसवरलेली माणसं येतात, आणि नियम बाजूला ठेवून जिभेला लागलं ते सांगणारा त्यांच्यात मला अजून भेटलेला नाही. तुझ्या सहा वर्षांच्या मुलीने सांगितलं. आणि मी कामावर वापरते त्या शांत आवाजात तिला म्हटलं, "चूक. एकाही वाटीत नव्हता. तुला भास होतो का, एवढंच मी बघत होते."

थोरल्याने टाळ्या पिटल्या. तिने कोट काढला, तिला जमेल तशी घडी करून माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर बसून ते सूप संपवलं. तिन्ही वाट्या. वहीत मी त्या दिवशी नव्वद ग्रॅम लिहिले आणि खाली रेघ मारली.

तू परत आलीस त्यानंतरचं सगळं तूच मला फोनवर सांगत आली आहेस. स्वतः सोललेलं केळं, कवचासकट हातात दिलेलं अंडं, सालीसकट उकडलेला बटाटा, याशिवाय ती काही तोंडात घेत नाही. बाकी काही दिलं तर आधी दादाला चाखायला लावते आणि यात काय काय लागतंय ते त्याला विचारते. शाळेत बाईंनी फुलाचा वास कसा आहे विचारलं, तर मला कळत नाही, दादाला विचारा, असं म्हणाली. तू सोडून गेलीस म्हणून पोर अशी झाली, असं आईने तुला सुनावलं. तुला ते पटलं आणि तू अर्धा दिवसच ड्यूटी घ्यायला लागलीस. हे सगळं मी ऐकत होते आणि दरवेळी एकच वाक्य बोलत होते, की होईल गं हळूहळू ठीक.

परवा तू सांगितलंस की तिचं वजन दोन किलोने उतरलं आहे आणि डॉक्टरांनी दुधातून द्यायला पावडर दिली आहे. मग तू मला विचारलंस, तुझं तर कामच हे, किती घातली तर तिला कळणार नाही? बघून कळवते, असं मी म्हटलं. तेच कळवते आहे. कितीही कमी घातलीस तरी तिला कळेल. तिच्याइतकी खरी जीभ मी कामावरसुद्धा पाहिलेली नाही. डबा तिच्यासमोर उघड, चमचा तिच्या हातात दे, आणि नको म्हणाली तर त्या दिवशी राहू दे. शनिवारी मी येते आहे. थोरला आणि भाऊजी समोर असताना तिला सांगणार आहे, की तिन्हींत होता आणि मावशी खोटं बोलली. तुझ्या जाण्याने काही झालेलं नाही, हे आईलाही मीच सांगेन. यानंतर धाकटी माझ्या हातचं पाणी प्यायची नाही, कदाचित मला घरातही नको म्हणेल. तेव्हा मध्ये पडू नकोस, आणि मावशीला असं बोलू नये असं तर तिला अजिबात सांगू नकोस. तिचं बरोबर असेल.

अजूनही तुझीच,
बहीण